चीर कोणत्या बाजूला

श्रावणजी मेश्राम यांचे माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे. ते ऋण झाले त्या दिवशी शालिनीबाई कापडात गुंडाळलेली गिटार उराशी धरून आमच्या दुकानात शिरल्या. त्यांनी ती काउंटरवर आडवी ठेवली आणि कापड बाजूला केले. गिटारच्या डोक्याजवळ, तारा पिळायच्या खुंट्या असतात तिथे, केसाएवढी बारीक फट गेली होती.

"गादीवर पडली म्हणून वाचली," त्या म्हणाल्या. "घरी उभं राहून प्रॅक्टिस करून राहिली होती मी. पट्टा सुटला. कोणी केला हा पट्टा?"

पट्टा मी केला होता. आठ दिवसांपूर्वी.

दुकान सीताबर्डीवर होते. हार्मोनियम, तबला, बुलबुलतरंग, गिटार अशी वाद्ये आम्ही विकायचो आणि दुरुस्तही करायचो. मी उमरेडच्या विणकराचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी. झाल्यावर वर्षभर नोकरी मिळाली नाही. दुकानाचे मालक भाऊसाहेब यांना कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत पत्रे लिहिणारा माणूस हवा होता, म्हणून त्यांनी मला ठेवले. पत्रे रोज नसत. मग मी दुरुस्तीत हात घालू लागलो. मागच्या खोलीत श्रावणजी बसत. तबल्याची पुडी, म्हणजे ज्यावर थाप पडते ते चामडे, मढवणे हे त्यांचे काम. शाळा चौथीपर्यंत, आणि चामड्याशी संबंध तीस वर्षांचा.

गिटारच्या पट्ट्याची भानगड आधी सांगतो. गिटारच्या अंगाला दोन बटणे असतात. बटण म्हणजे स्क्रूने बसवलेली धातूची छोटी गोळी. मान बारीक, डोके रुंद. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना भोक असते आणि भोकाला लागून एक चीर. बटणाचे डोके चिरेतून आत ढकलायचे, की पट्टा मानेभोवती बसतो. तो निसटला तर गिटार खुंट्यांच्या बाजूने खाली आपटते.

शालिनीबाई दिवसा प्राथमिक शाळेत शिकवत आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. ही गिटार जहाजावर नोकरी करणाऱ्या त्यांच्या भावाने बाहेरून आणलेली. तशी दुसरी नागपुरात तेव्हा मिळत नव्हती. चार वर्षे त्या मागच्या रांगेत खुर्चीवर बसून वाजवत होत्या. आता मॅनेजर म्हणाला होता की पुढे येऊन उभ्याने वाजवा, नाहीतर नवा पोरगा तयार आहे. शो बारा दिवसांवर होता.

भाऊसाहेब आतून आले. पट्टा उचलून त्यांनी विचारले, "हे कापलं कोणी?"

मी गिटारवरून काढलेल्या कापडाची घडी घालू लागलो. तेवढ्यात श्रावणजी हात पुसत बाहेर आले. त्यांनी पट्ट्याचे टोक डोळ्यांजवळ नेले. चिरेकडे एकदा पाहिले, माझ्याकडे एकदा.

"चामडं कच्चं निघालं, भाऊसाहेब. म्याच काढून देलं होतं."

"तुमच्या हातून? या वयात?"

"वयातच होते तसं."

बाई म्हणाल्या, "कोणाची चूक ते मले नका सांगू. ही पुन्हा पडली तं डोकं तुटते. मंग मले ना गिटार, ना ऑर्केस्ट्रा. आता पक्कं काय करता ते सांगा."

भाऊसाहेबांनी सुचवले, बटणाला नाडीने बांधून टाका.

"बुटाची नाडी? स्टेजवर? आन् मी गाणं पाहू का गाठ पाहू?"

मी हूक सुचवला. कुत्र्याच्या साखळीला असतो तसा, दाबला की उघडणारा. दुकानातल्या जुन्या गिटारला लावून अॅम्प्लिफायर सुरू केला. सुरांबरोबर खळखळही मोठी होऊन ऐकू आली. पॉलिशवर ओरखडा उठला तो वेगळाच.

मग मला नळाचा वायसर आठवला. पट्टा बसवून झाला की रबरी वायसर ताणून बटणावर चढवायचा. बटणाचे डोके बाहेर राहते, वायसर आत, आणि पट्टा अडकतो. करून पाहिले. उत्तम बसला. मी खूश झालो.

"शो कुठी आहे, बाई?" श्रावणजींनी विचारले.

"मैदानात. मे महिन्यातच."

श्रावणजी आत गेले आणि खिडकीत पडलेला एक कागद घेऊन आले. त्यावर एक जुना वायसर उन्हाने चिकटून बसला होता. ओढला तर कागदासकट आला.

"नागपूरच्या मे महिन्यात रबराचा गूळ होते," ते म्हणाले. "बाई, चार दिवसांनी या. गिटार इथंच राहू द्या."

बाई गेल्या. मी मागच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. श्रावणजींनी माझाच पट्टा टोक खाली करून माझ्यासमोर धरला.

"या भोकात बोट घाल. आता समज, तुहं बोट म्हणजे बटण. गिटार खाली ओढून राहिली. तूही खाली ओढ."

मी बोट खाली ओढले. ते भोकातून सरळ चिरेत गेले आणि चीर तोंड उघडावे तशी उघडली.

"चीर टोकाकडं काहून कापली?"

मी माझा विचार सांगितला. चिरेने चामडे कमजोर होते. खांद्याकडचा भाग सगळा भार पेलतो, म्हणून त्याला चीर नको. टोकाकडचा तुकडा रिकामाच असतो, तिथे कापावी.

त्यांनी नीट ऐकून घेतले. "तुहं शिक्षण बरोबर आहे गा. पण तू वजनाले विचारलं नाई. बटण नेहमी टोकाकडं रेटते. तिकडं साबूत चामडं पाहिजे. चीर खांद्याकडं पाहिजे, बटणाच्या पाठीमागं. मंग ती ताणात उघडत नाई, मिटते."

त्यांनी दुसऱ्या एका तुकड्याला उलट्या बाजूने चीर दिली आणि पुन्हा बोट घालायला लावले. मी जोर लावला. बोट दुखले, चीर मिटलेलीच राहिली.

"भाऊसाहेबांना तुम्ही खोटं काहून सांगितलं?" मी विचारले.

"तुले बोलता येत नव्हतं. कोणी तरी बोलायले पाहिजे होतं. चल, पाणी आण."

नव्या पट्ट्यासाठी त्यांनी म्हशीच्या चामड्याची पट्टी निवडली, भिजवली आणि आढ्याला टांगून खाली रेतीची पिशवी बांधली. तीन दिवस ती तशीच होती. सुकल्यावर मोजली तर बोटभर लांबली होती. "हे लांबणं इथं झालं, आता बाईच्या गळ्यात होणार नाई," ते म्हणाले. आधी भोके पाडून मग टांगली असती, तर भोकेही लांबली असती.

मग मला म्हणाले, "आता तुहं ते चिमट्यावानी यंत्र आण." म्हणजे माझा व्हर्नियर कॅलिपर, बारीक मापे घ्यायचे साधन. मी बटणाची मान मोजली, डोके मोजले. त्या मापाने त्यांनी गोल भोक पाडले आणि खांद्याच्या बाजूला आखूड चीर दिली. चिरेच्या शेवटी मोहरीएवढे दुसरे भोक पाडले. फाटत जाणारी चीर गोल भोकाशी थांबते, हे मला पुस्तकात नंतर वाचायला मिळाले. टोकाला दुहेरी चामडे घेऊन मेणाच्या दोऱ्याने शिवले. गिटारच्या डोक्याची फट लाकूड चिकटवायचा सरस भरून दाबून ठेवली. बटणाचा स्क्रूही थोडा हलत होता. त्याच्या भोकात काडेपेटीच्या काडीचा तुकडा सरस लावून ठोकला आणि स्क्रू परत पिळला.

मला वाटले, झाले. श्रावणजींनी एका फळीला तसेच बटण ठोकले आणि फळीला दहा किलोचे वजन बांधले. गिटार चार किलोचीही नव्हती.

"झटका दे."

मी दिला.

"असा नाई. सासुरवाडीले आला का तू?"

मी शंभर झटके दिले. मग त्यांनी पट्टा पिळून धरला. "बाई वाकन, फिरन. आता दे." पुन्हा शंभर. बटण जागचे हलले नाही.

चौथ्या दिवशी बाई आल्या. गिटार गळ्यात घालण्याआधी त्यांनी खाली गादी मागितली. आम्ही टाकली. त्या वाजवू लागल्या, पण एक हात सारखा पट्ट्याकडे जात होता. श्रावणजींनी वाकून गादी ओढून घेतली.

"अहो, काय करून राहिले तुम्ही?"

"गादी असली का भरवसा बसत नाई, बाई. वाजवा."

बाईंनी पट्ट्यावरचा हात काढला. मग दोन्ही हातांनी वाजवू लागल्या.

शो मात्र श्रावणजींना पाहता आला नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते काटोलला मुलीकडे गेले. जाताना मला सांगून गेले, दुसरा पट्टा घेऊन स्टेजजवळ उभा राह्य.

पुढे मी हिंगण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. समोर आलेल्या प्रत्येक वस्तूला मी आधी वजन टांगले, मग मत दिले. पुष्कळ इंजिनियर माझ्यावर चिडत. शोनंतर मी श्रावणजींना लिहिलेले पत्र त्यांच्या नातीने जपून ठेवले होते. ते तिने मला मागच्या वर्षी दिले. जसेच्या तसे उतरवतो.

ती. श्रावणजी यांना रामदासचा सा. नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे. तरी डोळ्याला ताण देऊ नका, नातीकडून वाचून घ्या.

शो काल झाला. बाई दोन तास उभ्या होत्या. तिसऱ्या गाण्यात त्यांच्या पायात वायर अडकली आणि तोल गेला. दोन्ही हात सुटले. गिटार गळ्यात गरकन फिरली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाई पुढची ओळ वाजवत होत्या. लोकांना ती अदा वाटली, शिट्ट्या पडल्या. मॅनेजरने त्यांना पुढच्या शोलाही पुढेच उभे राहायला सांगितले आहे. नंतर मी चीर व्हर्नियरने मोजली. जेवढी कापली तेवढीच आहे.

आज सकाळी भाऊसाहेबांना सांगितले की चामडे कच्चे नव्हते, चीर मी उलटी कापली होती. ते हार्मोनियमचा भाता तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "मले त्याच दिवशी मालूम होतं. श्रावणजीच्या हातून कच्चं चामडं निघत नाई. तू कधी सांगतं, याचीच वाट पाहून राहिलो होतो."

बाईंनाही सांगितले. त्या रागावल्या, आणि रागातच आणखी एका पट्ट्याची ऑर्डर दिली. चीर मीच कापायची, पण तुमच्यासमोर, अशी अट घातली आहे.

चामडे भिजवून रेतीची पिशवी टांगली आहे. तुम्ही येईपर्यंत कापत नाही.

आपला,
रामदास