नैरोबीनं न कापलेली टेप

नैरोबीला बसून जेवताना मी कधी पाहिलं नाही. ताट हातात घेऊन तो अंगणात फिरायचा. भाकरीचा तुकडा मोडायचा, भिंतीपर्यंत जायचा, भिंतीला शिवल्यासारखं करून परत फिरायचा. माझी बायको भागीरथी चुलीपुढून ओरडायची, "बस की रे लेकरा! जमीन काय पळून जायलीय का?" तो नुसता हसायचा, की पुन्हा चालू. त्याचं खरं नाव जसबीर. पण आमच्या गल्लीत ते कुणाला ठाऊक नव्हतं. आफ्रिकेतल्या नैरोबी गावाहून आला, म्हणून नैरोबी.

भागीरथीला जाऊन आता वर्ष होईल. तेव्हापासून माझंही बूड कुठं टेकत नाही. खाटेवर बसलो की उठावं वाटतं, उठलो की कुठं जावं कळत नाही. पोरगी संगीता म्हणते, "बाबा, आईवर काहीतरी लिहा, मन हलकं होतं." मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो तर तिचं नाव लिहून हात थांबला. म्हणून नैरोबीचं लिहितो. त्याच्यात ती येतेच.

आमचा लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. रोज कशाचं तरी उद्घाटन. मी मांडव-स्पीकरवाला, त्यामुळं मला उसंत नव्हती. गणपती, भीमजयंती, मोहरमच्या सवाऱ्या, सिद्धेश्वराची जत्रा, सगळीकडं भोंगे माझेच. देव कुणाचाही असो, वायर माझी. पुढं पाऊस मात्र दोन-तीन वर्षं रुसला. नळाला पाणी नाही आणि गावात सणाला कमी नाही, असे ते दिवस.

नैरोबीचा पणजोबा सुतार. पंजाबातून तिकडं रेल्वेच्या कामाला गेला आणि तिथलाच झाला. आईचा नवस फेडायला नैरोबी नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात आला, तो खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन. कुणीतरी त्याला एका लग्नासाठी लातूरला आणलं. इकडं त्या वेळी असलं काम करणारा कुणी नव्हता, त्यामुळं तो राहूनच गेला. माझ्या माडीवर भोंगे ठेवायची खोली होती, ती त्याला दिली. नांदेडचे सरदार आपल्यासारखं मराठी बोलतात. ह्याला मात्र मराठीचं अक्षर येत नव्हतं. लोकांना वाटायचं, सरदारजी मुद्दाम आव आणतोय.

पहिल्याच वर्षी त्यानं गल्लीला हसवलं. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या आली. आमच्या भागात येळवसेला गावात माणूस राहत नाही. समद्यांनी शेतात जायचं, कडब्याची कोप, छोटी खोपटी, करायची, आत लक्ष्मी मांडायची, डाळी-भाज्यांची भज्जी आणि आंबील खायची. ज्याला शेत नाही त्याला दुसरा ओढून नेतो. हे ह्याला कुणी सांगितलंच नाही. सकाळी उठून बघतो तर गंजगोलाईच्या बाजारात एक दुकान उघडं नाही, एक हॉटेल नाही, रस्त्यावर कुत्रं तेवढं. ह्याला वाटलं दंगल झाली, कर्फ्यू लागला. तिकडं नैरोबी गावात एकदा त्यांच्या लोकांची दुकानं लुटली होती, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. खोलीला आतून कडी लावून, दाराला माझे भोंगे टेकवून बसला. विसरलेली बिंदगी, आंबिलीचं मडकं, न्यायला मी परत आलो, दार वाजवलं, तर आतून म्हणतो, "मेरे पास कुछ नहीं है भाई! सिर्फ कैमरा है!"

त्याला सायकलवर डबलसीट घालून चाकूरकडच्या आमच्या शेतात नेलं. भागीरथी हसून हसून मातीत बसली. "अरे येड्या, कर्फ्यूत कुणी आंबील देतं का?" त्या वर्षी ज्वारी डोक्याएवढी होती, हरभरा हिरवागार. नैरोबीनं ते सगळं कॅमेऱ्यात घेतलं. ते पुढं फार दिवस त्याच्या कामाला आलं, कसं ते सांगतो.

त्याचं काम मी जिन्यात उभा राहून बघायचो. दोन व्हीसीआर शेजारी शेजारी. एकात टेप चालायची, दुसऱ्यात उतरायची. नको ते आलं की पॉजवर बोट. बोट उचललं की पुढचं जोडलेलं. मधेच लाईट गेली की सगळं मुसळ केरात, मग "मामा, जनरेटर!" म्हणून बोंबलत खाली. त्याचा एकच शब्द होता, "काटो." कॅमेऱ्याकडं बघणारं पोर, काटो. नाक पुसणारी बाई, काटो. त्याला कुणी हाक मारली, "ओ सरदारजी, जेवला का?" तेही काटो. भागीरथी माहेरची लांबण लावायला लागली की हळूच म्हणायचा, "मामीजी, ये थोडा काटो." ती उलथनं दाखवायची, "तुझी जीभच काटते, थांब!"

दुष्काळ पडला तसा तो दुष्काळही कापायला लागला. एका मंडळाचा गणपती विहिरीत पाणी नाही म्हणून टँकरखाली धरून शिरवला, तेच विसर्जन. टेपमध्ये पाहिलं तर गणपती भरल्या गोदावरीत! नांदेडचं पाणी आणून जोडलं पठ्ठ्यानं. अध्यक्ष खूश. म्हणाला, "आमच्या बाप्पाला गंगा घडली." कुणी म्हणालं नाही की हे खोटं आहे. सगळ्यांना हेच पाहिजे होतं.

तसल्याच टेपा तो आईला पाठवायचा. नांदेडला दर्शनाला तिकडची माणसं यायची, त्यांच्या हाती. दर सणाची एक टेप. दोन येळवशी कोरड्या गेल्या, तरी आईच्या टेपेत पहिल्या वर्षाची ज्वारी डुलायची. आईला लिहिता येत नव्हतं. तिचं उत्तर कॅसेटमध्ये बोलून यायचं. नैरोबीचा टेपरेकॉर्डर कॅसेटी खायचा, म्हणून तो माझ्या मशीनवर लावायचा. एकदा भोंग्याची वायर काढायची राहिली आणि त्या माऊलीचा पंजाबी आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकला.

त्याच कॅसेटीत ते आलं. ऐकता ऐकता नैरोबीचं फिरणं थांबलं. मी विचारलं, "काय झालं रे?"

"माँ घर बेच रही है. सब बेच के यहाँ आ रही है. मेरे पास."

तिकडं नैरोबी गावात त्यांचं दगडी घर होतं, अंगणात नळ, आजोबानं लावलेली झाडं. बाप वारलेला, थोरला भाऊ विलायतेला. म्हातारीला तेवढं घरच होतं. आणि ती येणार कुठं? जिथं आम्ही रात्रंदिवस घागरी घेऊन रांगेत उभे. खोलीत माझ्या भोंग्यांच्या मधी एक खाट.

"तिला कळवून टाक, येऊ नको म्हणून," मी म्हणलं.

"क्या बोलूँ? सब झूठ था, बोलूँ?"

भागीरथी ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "बोलू नगंस. दाखव. हाय तसं दाखव. आन् त्यात काटो करशील तर बघ."

"मामीजी, माँ रोएगी."

"रडू दे की. घर इकून रडण्यापरीस आत्ता रडलेलं बरं."

येळवस आठवड्यावर होती. शेतात पेरणीच झाली नव्हती. कडबा सगळा छावणीतल्या जनावरांच्या पोटात गेलेला. कोप कशाची करणार? मी मांडवाचे चार बांबू रोवले आणि लग्नाचं लाल-पिवळं कापड गुंडाळलं. भागीरथीनं लक्ष्मी मांडली. भज्जीला हिरवं काही नव्हतं, घरातल्या डाळी होत्या त्या शिजवल्या. शेताला शिंपायला आंबील पाहिजे आणि आंबिलीला पाणी. सडकेवर टँकर थांबला होता. भागीरथी दोन घागरी घेऊन तिकडं निघाली आणि नैरोबी कॅमेरा घेऊन तिच्या मागं.

मी शेतातून बघत होतो. ती डोक्यावर एक, कमरेवर एक घागर घेऊन ढेकळांतून येत होती आणि हा उलटा चालत तिला टिपत होता. बांधापाशी ती थांबली. पाणी हिंदकळून तिच्या तोंडावर आलेलं.

"आरं ये सरदाऱ्या! बाई मरायलीय इथं आन् तू फोटो काढायलास? ठेव ते खाली! धर ही घागर!"

त्यानं कॅमेरा बांधावर ठेवला आणि घागर धरली. मग दुसरी खेप केली, तिसरी केली. मी "ओलगे ओलगे, सालम पलगे" ही येळवसेची हाळी देत कोरड्या रानाला आंबील शिंपडत फिरलो. कॅमेरा बंद करायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. टेप संपेपर्यंत तो तसाच बांधावर चालू होता.

घरी येऊन टेप लावली तर अर्धी टेप नुसती जमीन. भेगाळलेली, तीही तिरकी. त्याचं बोट पॉजकडं गेलं. भागीरथी मागंच उभी होती. "काय ठरलंय आपलं?" बोट मागं आलं. टेप तशीच नांदेडला गेली.

उत्तर यायला लई दिवस लागले. तोपर्यंत नैरोबीनं माडीवर चालून चालून आमच्या डोक्याचा भुगा केला. घर विकलं असेल का, म्हातारी निघाली असेल का, हेच. रोज नांदेडच्या एसटीतून उतरणाऱ्यांकडं बघायला स्टँडवर जायचा. शेवटी कॅसेट आली. ह्या वेळी भोंग्याची वायर मी आठवणीनं काढली.

ऐकून तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. भागीरथी म्हणाली, "आरं काय म्हणती ती? मला सांग की!"

त्यानं सांगितलं ते असं. म्हातारीला हिरव्या रानाचं काही पडलं नव्हतं. ती म्हणत होती, इतक्या टेपा पाठवल्यास, इतके सण, इतकी माणसं. पण कुणी तुला हाक मारत नव्हतं. कुणी जेव म्हणत नव्हतं. कुणी तुझ्याकडं बघतसुद्धा नव्हतं. मला वाटलं, माझा पोरगा परमुलखात भुतासारखा एकटा हिंडतोय. म्हणून घर विकायला काढलं होतं, तुझ्याजवळ येऊन राहावं म्हणून. आता ह्या टेपेत एक बाई तुला शिव्या देते, तुझ्याकडून पाणी वाहून घेते. तुझे बूट दिसले. आता मी निवांत आहे. घर विकत नाही. त्या बाईला सांग, ह्याला खाली बसवून जेवू घाल.

भागीरथीनं पदर डोळ्याला लावला आणि लगेच आवाज चढवला. "ऐकलंस ना? मग बस!"

तो बसला. ताट संपायच्या आत उठला, ही गोष्ट वेगळी.

पुढं पाऊस पडला. म्हातारीची नजर गेली, तिच्याजवळ कुणी नव्हतं, तेव्हा त्यालाच जावं लागलं. मी आणि भागीरथी स्टँडवर गेलो होतो. तिनं ज्वारीचं पीठ बांधून दिलं, "तुज्या आईला माज्या हातची भाकर न्हाई, पीठ तरी दे." नांदेडची गाडी अर्धी रिकामी होती, तरी हा आत उभाच. खिडकीतून वाकून म्हणाला, "मामीजी, बैठ जाऊँगा." गाडी वळेपर्यंत आम्हाला त्याची पगडी छताला लागलेली दिसत होती.

आता वर्षश्राद्धाला दाखवायला संगीता आईची फिल्म करायलीय. फोटोंच्या मधी गुलाब उमलतात, मागं धबधबा वाहतो. मी म्हणलं, "हे पाणी कुणाचं? तुझ्या आईनं जन्मभर घागरी वाहिल्या." पोरगी चिडली. पण तिनंच नंबर शोधून नैरोबीला फोन लावला, आई गेल्याचं कळवलं. तो म्हातारा झालाय. फोनवर म्हणाला, ती टेप अजून आहे, तशीच आहे.

काल ती संगीताच्या मोबाईलवर आली. तिरकी जमीन. भेगा. मधूनच भागीरथीची पावलं येतात, जोडवी, फुटलेल्या टाचा. मग नैरोबीचे बूट. पुन्हा तिची पावलं. लांबून माझं ओलगे ओलगे. संगीता म्हणाली, "बाबा, हे रिकामं लई आहे, थोडं कापू का?" मी खोलीत येरझाऱ्या घालत ऐकत होतो. शेवटी शेवटी बूट येऊन थांबले, आणि भागीरथी, धापा टाकत, अगदी कानाजवळ बोलल्यासारखी म्हणाली, "लई पाणी वाहिलंस. बस की आता. बस."

टेप संपली.

संगीता माझ्याकडं बघत होती. "बाबा, बसा की. सकाळपासून उभे आहात."

मी म्हणलं, "परत लाव. तिनं म्हणल्यावर बसतो."