दुसऱ्या वर्षाचं रान

माझ्या आईनं, म्हणजे अम्मानं, आजवर अकरा मालकांची रानं केली. त्यांतल्या एकाही रानात तिला गेल्या वर्षापर्यंत सलग दुसरी सुगी मिळाली नव्हती.

आमच्या गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या गावांत रान वाट्यानं देतात ते एका वर्षापुरतं. पीक निघालं, निम्मा माल मालकाच्या दारात उतरवला, की रान मोकळं करायचं. पुढच्या वर्षी त्या रानात दुसरं कुणीतरी आणि आम्ही तिसऱ्याच कुणाच्या रानात. कारण सगळ्या गावाला ठाऊक असतं. एकाच माणसानं सलग रान केलं तर त्याचं कूळ लागेल आणि जमीन हातची जाईल, ही मालकांची भीती. आमच्या आजोबांच्या काळात कूळकायदा आला आणि कसणाऱ्याला जमीन मिळाली, ते खरंच आहे. गावातली निम्मी माडीची घरं त्या जमिनीवर उभी राहिली. पण मालकांच्या पोटात त्या कायद्यानं जो गोळा आला तो अजून उतरलेला नाही, आणि दुखणं त्यांचं असलं तरी पथ्य आम्ही पाळतो.

आम्ही पिंजारी. कायदा आला तेव्हा ज्याच्या हातात नांगर होता त्याला रान मिळालं. माझ्या आजोबांच्या हातात कापूस पिंजायचं पिंजण होतं. ते खांद्यावर टाकून ते गावोगाव गाद्या भरत फिरत होते आणि आपलं काही चुकतंय असं त्यांना वाटायचं कारणही नव्हतं. पुढं तयार गाद्या आल्या, पिंजण माळ्यावर गेलं आणि अब्बा रानात उतरले. तोवर जमिनी वाटून झाल्या होत्या. घरात आम्ही आमची मोडकीतोडकी हिंदी बोलतो, पण सरी, बांध, खुरपं, भांगलण यांना त्या बोलीत शब्दच नाहीत. म्हणून अम्मा रानाचं सगळं बोलणं मराठीत करते, अगदी माझ्याशीसुद्धा.

एका वर्षाच्या रानाचे नियम असतात. त्यात शेणखत घालायचं नाही, कारण खत दोन-तीन वर्षं काम करतं आणि त्याचं फळ पुढचा खातो. दगड वेचायचे नाहीत. बांध नीट करायचा नाही. आमच्या परसात म्हशीच्या शेणाचा उकिरडा होता, चांगला कुजलेला, काळाभोर. तो दर उन्हाळ्यात ऊसवाल्याच्या ट्रॉलीत भरला जायचा. अम्मा ट्रॉली वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहायची. मला लहानपणी वाटायचं, हिला उकिरड्याची एवढी काय माया. आता कळतं, तिला स्वतःच्या हातानं एकदा रान सुधारून त्याचं पीक बघायचं होतं. ती एकदा म्हणालीही होती, "आपुन पेरल्यालं रान दुसऱ्या वर्साला कसं दिसतंय ते बगायचं हाय मला." तिला जन्मात एवढंच हवं होतं.

सगळ्यात कडक नियम झाडाचा. तो अम्मानं मोडला.

मी तेव्हा आठवीत होते. त्या वर्षी आम्ही ज्यांचं रान केलं ते मालक कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचे, एका कचेरीत कारकून होते. गावात त्यांची एवढीच तीस गुंठं उरली होती. पावसाच्या तोंडाला शेजारणीनं शेवगा छाटला आणि एक फाटा अम्माच्या हातात दिला. अम्मानं तो रानाच्या बांधावर कोपऱ्यात खोवला. तिच्या मनात काही नव्हतं. शेवग्याचा फाटा हातात आला की बाई तो खोवणारच, फेकून कशी देईल? दिवाळीपर्यंत त्याला छान पालवी फुटली. मालक वाटा न्यायला आले आणि बांधावर थबकले.

"हे कुणी लावलं?"

"मी लावलं की मालक," अम्मा कौतुकानं म्हणाली. "शेंगा खाशीला."

ते वाटा घेऊन तसेच निघून गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, झाड काढा. अब्बा कोल्हापूरला जाऊन त्यांच्यासमोर हात जोडून आले आणि परतल्यावर त्यांनी तो शेवगा मुळापासून खणून काढला, खड्डा बुजवला, वरून पायानं माती दाबली. पण गोष्ट गावभर झाली होती. त्यानंतर दोन वर्षं आम्हाला कुणी रान दिलं नाही. झाड लावणारी माणसं, असं आमचं नाव पडलं. ती दोन वर्षं अम्मा दुसऱ्यांच्या रानात रोजानं भांगलायला, तण काढायला गेली, आणि एका फाट्यापायी माणसांनी एवढं करावं याचा मला आलेला राग अजून पुरता गेलेला नाही.

पुढं अब्बा गेले. मी शिकले, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात लागले. कास्टिंग मापात बसतं का ते बघायचं माझं काम. आठवडाभर शहरातल्या खोलीवर राहते आणि सुट्टीला गावी जाते. अम्माला कितीदा म्हटलं, बास कर आता, चल माझ्याकडं. ती म्हणते, "तितं खोलीत मी काय भांगलू?"

गेल्या वर्षी त्याच मंगळवार पेठेतल्या मालकांचा फोन आला. ते आता निवृत्त झाले होते, गुडघे गेले होते. गावातली तरणी माणसं कारखान्यांत गेलेली, वाट्यानं रान करायला कुणी मिळेना. "भाभींना विचार, एक साल करतील का," म्हणाले. शेवग्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. अम्मा लगेच हो म्हणाली. मला वाटलं होतं ती थोडा भाव खाईल, पण तिचा तो स्वभावच नाही.

त्याच वर्षी गावाच्या वरच्या अंगाला वीस गुंठं माळरान विकायला निघालं. मुरमाड, पाण्याची बोंब, पण बसेल असं होतं माझ्या साठवलेल्या पगारात. मी अम्माला सांगितलं, तुझ्या नावावर घ्यायचं. ती दोन दिवस रोजच्यासारखी रानात गेली. तिसऱ्या दिवशी बघते तर तिनं ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात घातलेलं. तहसील कचेरीत जायचं तर नीट दिसायला हवं.

कचेरीतला माणूस भला होता. त्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मावशी, तुमच्या नावावर आदुगर कुठं रान हाय का?"

"न्हाय. म्हणून तर घ्यायचं हाय," अम्मा म्हणाली.

"मग अवघड हाय. शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतोय."

"आन् मी कोण हाय?"

"कागदावर म्हणतोय मी, मावशी."

ही अट त्या कूळकायद्यातलीच आहे, असं त्यानं समजावून सांगितलं. शेतकऱ्याची जमीन पैसेवाल्यांनी गिळू नये म्हणून घातलेली. चांगल्या मनानंच घातली असणार. पण कायदा आला तेव्हा तुमच्या हाती नांगर नव्हता म्हणून जमीन नाही, आणि जमीन नाही म्हणून आता विकतही घेता येत नाही. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, त्यातली गत. वरच्या साहेबांकडं परवानगी मागता येईल, तो म्हणाला, पण ही बाई शेती करते याचा काहीतरी पुरावा जोडायला हवा. पीक पाहणीत नाव? नाही. पावती? अकरा मालकांपैकी एकानंही कधी चिठोरं दिलेलं नाही. "मग आत्ता ज्यांचं रान करताय त्यांच्याकडनं लिहून आणा. ही बाई माझं रान कसती, एवढंच. वर पाठवून बगू."

अम्मा वाटेत म्हणाली, "एवढंच व्हय? देतील की. खरंच हाय ते."

मंगळवार पेठेत त्यांच्या दोन खोल्या आहेत, अरुंद जिना चढून वर. मी एकटीच गेले. कारकुनी करून माणसाजवळ जेवढं उरतं तेवढंच त्या घरात होतं. त्यांनी चहा करायला सांगितला, माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावला, कोरा कागद घेतला. 'लिहून देतो की' एवढं लिहिलं, अम्माचं नाव लिहिलं, आणि त्यापुढं हात चालेना.

"पोरी, तुला म्हाईत न्हाय," ते म्हणाले. "माझ्या वडिलांची अकरा एकरं व्हती. ते नोकरीला हितं आन् रान कुळाकडं. कुळानं बांधाला आंबा लावल्याला. वडिलांनीच वर्साला त्याच्या कैऱ्या आणून लोणचं घातलं. पंचनाम्याला साहेब आला, त्यानं बुंध्याला हात लावून इचारलं, ह्यो किती वर्सांचा? झालं. झाडानं साक्ष दिली. अकरा एकरातलं तीस गुंठं ऱ्हायलं. वडिलांनी फुडं कदी घरात लोणचं घालू दिलं न्हाय."

मी म्हटलं, "काका, त्या कुळानं तेवढी वर्षं राबून केलं होतं की रान."

"केलं व्हतं. मी कुटं न्हाय म्हणतोय?" ते कागदाकडं बघत राहिले. "पर तुझ्या आईचा शेवगा बगितला आन् मला त्यो आंबाच दिसला बग."

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, आणि ते ताक आमचं असतं. मला त्यांचा राग आला, दयाही आली, आणि दया आल्याबद्दल पुन्हा स्वतःचा राग आला. त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्यामागं मुलगा आहे, उद्या त्याला काय सांगू, म्हणाले. कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली, मला दिली नाही. जिन्यापर्यंत सोडायला आले, गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पाऊल. तिथं थांबून म्हणाले, "भाभीला सांग, फुडल्या साली बी रान तिनंच करायचं. हे मी आजपतुर कुणाला दिल्यालं न्हाय."

मी गावी जाऊन अम्माला दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी कागदाची. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मग दुसऱ्या वर्षाची. तेव्हा ती हातातलं काम सोडून माझ्याकडं वळली.

"खरंच म्हणालं? फुडल्या साली बी?"

"व्हय."

"तेच रान?"

"तेच."

तिनं मला हे पुन्हा संध्याकाळी विचारलं, जेवताना विचारलं. माळाचं तिनं नंतर नाव काढलं नाही. ती वीस गुंठं पुढं गावातल्याच एकानं घेतली, त्याचं आधीच बरंच रान आहे, तो शेतकरी आहे. व्यवहार झाल्याचं कळलं त्या दिवशी अम्मा ठेवणीतलं लुगडं घडी करून पेटीत ठेवताना मला दिसली. तिला देण्यासारखं माझ्याजवळ एवढं एकच होतं आणि तेच मला देता आलं नव्हतं.

पहिलं पीक निघाल्यावरच्या उन्हाळ्यात ट्रॉलीवाला उकिरडा न्यायला आला तर अम्मानं त्याला माघारी लावलं. सगळं खत तिनं पाट्यांनी डोक्यावरून नेलं. महिनाभर लागला. मी म्हटलं, बैलगाडी सांगूया, तर म्हणाली, "मला काय घाई हाय?" दगड वेचून बांधाला लावले. रान एवढं नीट झालं की येणारीजाणारी माणसं थांबून बघायची आणि म्हणायची, दुसऱ्याच्या रानाला एवढं कोण करतं का. त्यांचं चुकत नव्हतं.

आता हे दुसरं वर्ष. भुईमूग असा आलाय की दोन ओळींमधली माती दिसत नाही. परवा उघडीप होती. सकाळी काकांचा फोन आला, पीक पाहणीचा फोटो काढायचा राहिलाय. हल्ली ती नोंद मोबाइलवर होते. त्यांच्या फोनवर आलेले आकडे ते मला सांगतात, मी रानात उभं राहून फोटो काढायचा आणि पाठवायचा, नोंद त्यांच्या नावावर होते. गेल्या वर्षीही मीच काढला होता. "आन् हे बग," ते गेल्या वर्षीसारखंच म्हणाले, "फोटोत माणूस येऊ द्यायचा न्हाय."

मी रानात गेले तेव्हा अम्मा सरीत बसून भांगलत होती. मी मोबाइल उभा धरला. मी काही बोलायच्या आत ती उठली, गुडघ्यांवर हात टेकून जरा थांबली, आणि बांध ओलांडून पलीकडं जाऊन उभी राहिली. तिला आज कुणी सांगितलं नव्हतं.

पडद्यावर भुईमूग दिसत होता, हिरवागार. निम्मी सरी स्वच्छ, निम्मीत तण, आणि दोहोंच्या मधोमध तिचं खुरपं पडलेलं. मी ते बघितलं. फोटो परत काढायला हवा होता. मी काढला नाही, तसाच पाठवला. थोड्या वेळानं मालकाचं नाव, गट नंबर, पीक भुईमूग, असं सगळं उमटलं.

"झालं?" अम्मानं पलीकडून विचारलं.

"झालं."

"मी न्हाय न्हवं आलो त्यात?"

"न्हाय."

"बरं झालं. मालकाच्या जिवाला घोर नगं," ती म्हणाली, आणि बांध ओलांडून सरीत आली, खुरपं उचललं, आणि तण जिथं राहिलं होतं तिथं बसली.