बिनमिठाच्या टिकल्या

मला नीट लिहिता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. तरी चाचांबद्दल लिहायचं धाडस करतोय, माफ करा.

शहागंजात आम्हा विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोलीखाली त्यांची बेकरी होती. दुपारी भट्टी निवत आली, की ते ज्वारीचं पीठ हाडांच्या रश्शात मळत, बाटलीच्या झाकणानं टिकल्या पाडत आणि गल्लीतल्या कुत्र्यांसाठी भाजत. "नमक नक्को, बाल झडते उनके," म्हणत प्रत्येक घाणा आधी स्वतः चाखत.

मी नवीन असताना एकदा घरून, देवगावच्या एसटीनं येणारा माझा डबा दोन दिवस आलाच नाही. बेकरीच्या फळीवरच्या टिकल्या बिस्किटं समजून मी चार खाल्ल्या. तेवढ्यात चाचा आले आणि उरलेल्या टिकल्या कुत्र्यांपुढं टाकू लागले. त्या कुणासाठी आहेत हे कळल्यावर मला मान वर करवेना.

ते एवढंच म्हणाले, "फिक्की लगी ना, बेटा?"

दुसऱ्या दिवसापासून फळीच्या टोकाला गुळाच्या चार टिकल्या वेगळ्या असत. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

पुढं मला वसतिगृह मिळालं. भेटायला जायचं राहूनच गेलं.

परवा जुना खोलीमित्र भेटला. चाचा उन्हाळ्यातच गेले, म्हणाला. टिकल्या आता त्यांची मुलगी करते. गुळाच्या चार अजून बाजूला ठेवते. कुणासाठी, ते तिला ठाऊक नाही. "अब्बा रखते थे," एवढंच सांगते.