सरांच्या लेखातली माझी आई

उरणच्या मिठागरांवरचा माझा प्रबंध मार्गदर्शक सरांनी लेख म्हणून स्वतःच्या नावावर छापला. प्रबंध कपाटात पडून होता, त्यामुळे नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो सापडला नाही. पण उचलायच्या घाईत माझं एक वाक्य तसंच राहिलं: 'लहानपणी मी आईबरोबर अनवाणी मीठ ओढायचो, पायांच्या भेगा अजून बुजलेल्या नाहीत.' सर तर नारळी-पोफळीच्या बागायतदारांच्या घरातले!

मी तक्रार केली नाही. मला त्यांची भरसभेत जिरवायची होती. कॉलेजात त्या लेखावर चर्चा ठेवली, तेव्हा मी आईला पहिल्या रांगेत बसवलं. ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि मंचावरच्या सरांकडे बोट दाखवून तिला विचारलं, "आये, हा तुझा लेक हाय का?"

आई सरांच्या चकचकीत बुटांकडे बघत म्हणाली, "बूट काढायला सांग. पाय बघून सांगते."