साडू आणि एक सरळ भोक

भोक म्हणजे काहीतरी नसणं, यावर जगातल्या सगळ्या शहाण्या माणसांचं एकमत आहे. अपवाद एकच, माझे साडू. त्यांच्या मते भोक ही चांगली धडधाकट वस्तू आहे. तिला जागा असते, दिशा असते, चारित्र्य असतं, आणि माणूस कसा आहे हे त्याच्या भोकावरून कळतं. मी ऑकलंडला शिकायला आलो तेव्हा त्यांच्या हिल्सबरोच्या घरी पहिले चार महिने राहिलो. मग त्यांच्याच मेहुणीशी लग्न करून कायमचा नात्यात अडकलो. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजी म्हणतो. इतक्या वर्षांत त्यांनी मला पगार विचारला नाही, घर कधी घेणार विचारलं नाही. पण मी पहिल्यांदा भाड्याच्या घरात भिंतीवर गणपतीची तसबीर लावली, तेव्हा त्यांनी ती उतरवून मागचं भोक बघितलं आणि म्हणाले, "घाई केलीस."

ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात ते टूलमेकर आहेत. तिथल्या यंत्रांना आकडे भरून दिले की ती केसाच्या दहाव्या भागाइतकं अचूक भोक पाडतात, आणि भाऊजी ती चालवण्यात इतके तरबेज आहेत की बाकीच्या पाळ्यांतले लोकही त्यांना फोन करून विचारतात. पण या कामाचा त्यांना काडीचा अभिमान नाही. "बटण मी दाबतो, भोक यंत्र पाडतं," ते म्हणतात. "त्यात माझं काय?" शनिवार उजाडला की हा माणूस जुनी जर्सी आणि जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, घालून गॅरेजमध्ये शिरतो आणि हाताने फिरवायचं ड्रिल, एक लाकडी गिरमिट आणि कानशी घेऊन बसतो. गाडी बाहेर पावसात भिजते. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणते की लग्नाआधी तिला सांगितलं होतं मुलगा इंजिनिअरिंगमध्ये आहे, सुतारकीत आहे हे कोणी बोललं नव्हतं.

त्यांच्यासोबत चारचौघांत जाणं हे धाडसच असतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मेदूवडे आले, तर ते वडा डोळ्यासमोर धरून भोक मध्यावर आहे का बघतात, आणि नसेल तर करणाऱ्या वहिनींना तसं सांगतात. रोटोटुनाला एका मित्राने नवं घर घेतलं, तिथल्या वास्तुशांतीला सगळे प्रसाद घेत असताना हे स्वयंपाकघरात गायब झाले. सापडले तेव्हा यजमानांच्या कपाटाच्या दोन मुठी काढून ओट्यावर ठेवल्या होत्या आणि तिसरीचा स्क्रू फिरवत होते. "भोकं तिरकी होती. रोज उघडताना डोळ्यांत खुपलं असतं," एवढंच स्पष्टीकरण. माझ्या मुलीचे कान टोचायचे ठरले, तर हे मॉलमध्ये आमच्या आधी हजर, खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर. दुकानातली मुलगी पेनाने ठिपके काढत होती, तिला बाजूला करून त्यांनी दोन्ही पाळ्या मोजल्या आणि डावा ठिपका पुसायला लावला. माझी मुलगी मराठी समजते पण बोलते इंग्रजीत. ती म्हणाली, "काका, इट्स फाइन, नोबडी लुक्स दॅट क्लोजली." भाऊजी शांतपणे म्हणाले, "तू बघशील. रोज आरशात." ती आता सोळा वर्षांची आहे आणि मैत्रिणींना आपले कान मुद्दाम दाखवते.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, तोवर बंदूक आली.

भाऊजींचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत. वडिलांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती, नळीत दारू भरून गजाने ठासायची असते तशी. रानडुकरं भातात शिरायची, वानरं फणसावर यायची, त्यांना घाबरवायला आवाज पुरायचा. त्या बंदुकीचा दस्ता वडिलांनी स्वतः घडवला होता, शिवणीच्या लाकडाचा. करोनामुळे इकडे सीमा बंद होत्या त्या काळात वडील गेले. भाऊजींनी अंत्यविधी फोनवर बघितला, गॅरेजमध्ये उभं राहून. परवाना वडिलांच्या नावावर होता, तेव्हा नियमाप्रमाणे बंदूक सरकारजमा झाली. दोन वर्षांनी भाऊजी गावी जाऊन आले. आईला इकडे चल म्हणाले, तर तिने गोठ्यातल्या गाईकडे बोट दाखवून विचारलं, "हिचं दूध कोण काढेल?" ते परत आले, आणि आठ दिवसांनी एका संध्याकाळी मला म्हणाले, "मी बंदूक करणार आहे. तशीच."

त्यांनी रीतसर परवाना काढला, पोलादी कपाट भिंतीत ठोकून घेतलं, तपासणीला आलेल्या माणसाला चहा पाजला. नळी आणि घोडा तयार विकत आणले. कामावरच्या एका म्हाताऱ्या किवीच्या अंगणातलं अक्रोडाचं झाड पडलं होतं, त्याने फळी दिली आणि "स्वीट ॲज", म्हणजे काही हरकत नाही, म्हणून पैसेही घेतले नाहीत. मला वाटलं, आता उरलंच काय. भाऊजी म्हणाले, "सगळं विकत मिळतं रे. भोकं तेवढी मिळत नाहीत."

पुढची दोन वर्षं म्हणजे भोकं. आधी नळी दस्त्यात नीट बसायला हवी, म्हणून तिला खालून काजळ फासून लाकडावर टेकवायची, जिथे काळं उमटेल तिथे खरवडायचं. या कामी ताईच्या काजळाच्या सगळ्या डब्या संपल्या. ऐन दिवाळीत ती डोळ्यांना पेन्सिल लावून आली आणि कोणाशी बोलली नाही. मग नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या आडव्या खिळ्यांची भोकं. नळीच्या खाली नखाएवढा पोलादी कान असतो, तो लाकडात पूर्ण लपलेला, आणि बाहेरून, न दिसणाऱ्या त्या कानाच्या मधोमध भोक न्यायचं. भाऊजी कागदावर मापं घेत, ती पुसत, पुन्हा घेत. "भोक पाडायला दोन मिनिटं लागतात," ते म्हणायचे, "कुठे पाडायचं ते ठरवायला दोन महिने." ठरलं की पोलादी टोच्याने एक हलका ठिपका उठवायचा, म्हणजे ड्रिलचं टोक घसरत नाही. तो ठिपका उठवताना गॅरेजमध्ये कोणी बोलायचं नाही. ड्रिल आडवं धरलं की त्याच्या दांडीवर ते एक सैल वायसर, म्हणजे भोकाची पोलादी चकती, अडकवायचे. वायसर आपल्याकडे सरकत आलं तर हात खाली गेलाय, लाकडाकडे पळालं तर वर. जागच्या जागी नाचत राहिलं की हात सपाट. ताईच्या पावडरच्या डबीतला आरसाही तिथे आला, लाकडाला टेकवून ठेवायला. आरशातलं ड्रिल आणि खरं ड्रिल एका रेषेत दिसलं तर सरळ, मोडल्यासारखं दिसलं तर तिरकं. त्यांची मुलगी दारात उभी राहून म्हणायची, "बाबा, जस्ट यूज द मशीन ॲट वर्क." त्यावर ते वायसरकडे बघत राहायचे.

सगळ्यात अवघड भोक गजाचं. गज दस्त्याच्या पोटात सरकवून ठेवायचा असतो, म्हणजे हातभर लांब, बोटाहून बारीक भोक, वर नळी, खाली जेमतेम दोन दोऱ्यांचं, म्हणजे पाव इंचाचं लाकूड. ड्रिल लाकडाच्या रेषांमागे भरकटतं, आणि भरकटलं की कळत नाही. पहिल्या दस्त्यात ड्रिलचं टोक एका रविवारी लाकडाच्या कुशीतून बाहेर आलं, जसा बिळातून उंदीर डोकावतो. भाऊजींनी ड्रिल काढलं, लाकडाचा भुसा झाडला, दिवा बंद केला आणि घरात जाऊन टीव्ही लावला. टीव्हीवर लॉन बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर संथपणे चेंडू घरंगळवायच्या खेळाचा, सामना चालू होता. तो त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. तो दस्ता अजून ताईच्या मागच्या अंगणात आहे, टोमॅटोच्या वेलाला आधार म्हणून.

दुसऱ्या दस्त्याच्या वेळी त्यांनी मला बोलावलं. "एका माणसाला एकच बाजू दिसते," ते म्हणाले. "मी मागे असतो, मला काहीच दिसत नाही. तू डोक्यावरून बघ, डावीकडे जातंय की उजवीकडे. वर-खाली बघायला बाजूने कोणीतरी लागतं." मी म्हटलं, ताईला बोलावू. ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "बाबांच्या वेळी आई बघायची."

म्हणून शनिवारी दुपारी अडीचला, तिकडे सकाळचे आठ, गॅरेजमधल्या खोक्यावर फोन टेकवून ठेवला आणि त्यात भाऊजींची आई आली. फोन शेजारची सून धरून होती. म्हातारी आधी लाकूड बघून नाराज झाली, काळं आहे म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तो उभा आहे तो कोण? त्याला म्हणावं उजेडातून हल." मी हललो. भाऊजींनी ड्रिल फिरवायला घेतलं.

"वर घे जरा," आई म्हणाली. "आणखी. पुरे."

मधेच चित्र थिजायचं. मग पाच सेकंदांपूर्वीचं "खाली" आता यायचं आणि भाऊजी ते निमूट पाळायचे. मी म्हटलं, "भाऊजी, ते मघाचं होतं." ते म्हणाले, "आईने सांगितलंय ना." तास गेला. त्यांच्या मानेवर घाम आला होता. मी डोळे न मिटता रेषेकडे बघत होतो आणि "ठीक, ठीक" म्हणत होतो. शेवटी टोक पलीकडे निघालं तेव्हा वर-खाली अगदी मधोमध होतं, आणि तांदळाच्या दाण्याएवढं डावीकडे. डावं-उजवं माझ्याकडे होतं.

मी काही बोलायच्या आत आईने विचारलं, "आलं का नीट?" भाऊजींनी फोन जवळ नेऊन दाखवलं. "जरा डावीकडे गेलं," ते म्हणाले. लहानपणी काच फुटल्यावर सांगावं तसा आवाज होता.

"मग त्यात काय," ती म्हणाली. "तुझ्या बापाचं तर फाटलंच होतं. मेण आणि भुसा भरून बुजवलं नि वरून तेल चोळलं. गज कायम अडकायचा. तुला नाही सांगितलं त्यांनी?"

भाऊजी हातातलं ड्रिल खाली ठेवून बाकावर बसले. वडिलांच्या हाताचं भोक रेषेसारखं सरळ होतं, असं ते मला किती वर्षं सांगत आले होते. ते रागावतील असं मला वाटलं. ते हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग डोळे पुसत, आणि ते पुसणं हसणं थांबल्यावरही चालूच राहिलं. आई तिकडून विचारत होती, "काय झालं? दिसत नाहीये इथे काही."

बंदूक हिवाळ्यात पुरी झाली. हॅमिल्टनच्या पुढे हौशी लोकांचं एक मैदान आहे, तिथे नेमबाजीचा परवाना असलेले पांढऱ्या दाढ्यांचे म्हातारे जुन्या बंदुका उडवायला जमतात. त्यांनी "किया ओरा" म्हणून आमचं स्वागत केलं, बंदूक हातोहात फिरवली. एकाने गज काढून पुन्हा सरकवला आणि कौतुकाने मान हलवली. डावीकडचा तांदूळ त्याला दिसला नाही. भाऊजींना दिसला, पण पहिल्यांदाच त्यांनी तो दाखवला नाही. मैदानावर गवत ओलं होतं, समोर मेंढ्यांची टेकडी. त्यांनी मला फोन धरायला दिला, आईला लावून. मग कोणीतरी इशारा दिला, सगळे मागे सरले, आणि त्यांनी बार काढला. केवढा तरी पांढरा धूर निघाला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. माझ्या कानांत शिट्टी वाजत होती. फोनमधून आईचा आवाज आला, "वाजली." आणि जरा थांबून, "बरं, भात लावते." तिने फोन ठेवला.

परतताना पेट्रोल पंपावर आम्ही ‘पाय’, म्हणजे इकडचे सारण भरलेले पॅटिस, घ्यायला थांबलो. गाडीत बसून खाता खाता मी विचारलं, भाताचं काय होतं. भाऊजी समोर काचेकडे बघत म्हणाले, "भरलेली बंदूक घरात आणायची नाही, असा बाबांचा नियम होता. रानातून निघताना ते बांधावर बार काढायचे. तो ऐकला की आई भात लावायची. बाबा चढण चढून येईपर्यंत भात व्हायचा." मग पायचं उरलेलं त्यांनी कागदात गुंडाळलं. एवढं सलग बोलणं भोकाखेरीज दुसऱ्या विषयावर त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शेजारच्या सुनेचा मेसेज होता. त्यांनी तो वाचला आणि फोन माझ्याकडे दिला. तिने लिहिलं होतं, काका, आजीने सकाळी सकाळीच भात लावलाय, दोन ताटं मांडलीत, कोणी येणार आहे का.

"तू लिही," ते म्हणाले.

"काय लिहू?"

त्यांनी गाडी सुरू केली, आरसा नीट केला, पट्टा लावला. हायवेवर ट्रक एकामागून एक ऑकलंडकडे चालले होते. मी ‘हो’ लिहिलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी ते एकच अक्षर वाचलं आणि होकारार्थी मान हलवली.

"कधी, ते लिहू नकोस," ते म्हणाले.