दसऱ्याच्या अलीकडे की पलीकडे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांच्या पाठोपाठ मी अक्कांचं नाव घेतो. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. रुग्णालयात सगळे त्यांना अक्काच म्हणत. फोन लावायचा झाला की अक्का खुर्चीतून उठून उभ्या राहत, पदर सारखा करत आणि मगच नंबर दाबत.

"बसून बोला की," मी पहिल्याच दिवशी म्हणालो.

"त्या घरात काय झालंय हे आपल्याला ठाऊक आहे का? मग बसायचं कसं, तम्मा?"

तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. अक्कांचं घराणं मराठी, पण किती पिढ्यांपासून बेंगळुरूत आहे हे त्यांनाही सांगता यायचं नाही. माझ्या मराठीत हिंदी शिरते तसं त्यांच्या मराठीत 'स्वल्प' (थोडं) आणि 'सरी' (बरं) येत.

आमचा विभाग कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवणारा. घरी गेलेल्या रुग्णांना अक्का दर तीन महिन्यांनी फोन करत आणि संगणकात लिहीत: आहे, किंवा नाही. नसेल तर तारीख. मी संख्याशास्त्र शिकून आलेलो. उमरग्याच्या मराठी शाळेतला, वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, घरातला पहिला पदवीधर. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पसरलेल्या माणसाच्या हातात साधारण किती काळ आहे, याचा अंदाज देणारं गणित बसवायचं काम माझ्याकडे होतं.

पहिला फोन मी अर्जावरचा प्रश्न वाचून केला होता. "रुग्ण जिवंत आहे का?" पलीकडच्या बाईंनी फोन ठेवून दिला. अक्कांनी तो नंबर पुन्हा लावला आणि विचारलं, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. मग त्या दहा मिनिटं नुसत्या ऐकत राहिल्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "गेले. गौरीच्या दुसऱ्या दिवशी. लिही. आणि तो अर्ज ड्रॉवरमध्ये टाक."

सगळे फोन असे नसत. हेब्बाळचे एक निवृत्त मास्तर होते, ते हॅलो न म्हणताच सांगत, "अक्का, अजून पटावर आहे."

"मग हजेरी लावते. औषधाला का नाही आलात?"

"मास्तरला दांडी मारायची सवय नसते का?"

तर अशा बाई. तुम्हीही एखाद्या कचेरीत अशी व्यक्ती पाहिली असेल, पगार सर्वांत कमी आणि कामाची समज सर्वांत जास्त. मला राहायला खोली त्यांनीच मिळवून दिली, महादेवपुऱ्यात. माझ्या कन्नडला त्या हसत, पण दुसऱ्या कुणाला हसू देत नसत.

त्या वर्षी मे महिन्यात होसकोट्याचे एक गृहस्थ आले. लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप चालवणारे, बोटांच्या पेरांत कायमचं काळं ऑइल. गाठ आतड्याच्या उजव्या बाजूला, यकृतात पसरलेली, पहिल्या औषधांनी दबली नव्हती. मुलगा कुवेतला क्रेन चालवायचा. त्याला दोन वर्षांतून एकदाच सुट्टी.

त्यांच्या बायकोचा प्रश्न एकच होता. "त्याला आत्ता बोलावू की दसऱ्याला?"

दसऱ्याला वर्कशॉपमध्ये आयुधपूजा असते. त्या दिवशी मुलाने शेजारी उभं राहून मशीनला कुंकू लावावं, अशी त्या गृहस्थांची इच्छा होती. आत्ता बोलावलं तर दसऱ्याला तो नसणार. दसऱ्यापर्यंत थांबावं, तर तोपर्यंत वडील असतील का? मोठ्या डॉक्टरांनी त्यांना शुक्रवारी बोलावलं आणि मला म्हणाले, "तुझं गणित काय म्हणतं ते तेव्हा दाखव."

मला केवढा अभिमान वाटला, ते आता लिहिताना लाज वाटते. त्यांचं वय, रक्ततपासण्या, यकृतातल्या गाठी, दिवसातला किती वेळ अंथरुणात जातो, सगळं भरलं. पडद्यावर जी रेघ आली ती दसऱ्याच्या बरीच पलीकडे जात होती. मंगळवारी मी ती अक्कांना दाखवली. पण त्या रेघेकडे न बघता नोंदींची यादी बघत बसल्या.

"इथं तारीख का नाही?"

"ज्यांचा फोन लागला नाही, ते. शेवटचं बोलणं झालं त्या दिवसापर्यंत ते होते, एवढंच धरायचं. पुढचं माहीत नाही. पुस्तकात तशी रीत आहे."

"सरी. पण तम्मा, गप्प कोण होतं? बरा असलेला माणूस औषधाला येतो, लिफ्टसाठी भांडतो. इथलं सगळं थांबवून गावाला नेलं, की फोन बंद होतो."

त्या रीतीला एक अट आहे. गप्प झालेली माणसं बाकीच्यांसारखीच असायला हवीत. परीक्षेत मी ही अट लिहून मार्क मिळवले होते. यादीत मात्र शंभरावर माणसं बिनतारखेची होती आणि त्यांच्या आधाराने माझी रेघ लांब झाली होती.

"शुक्रवारपर्यंत कसं होणार, अक्का?"

"बोलत बसलास तर नाही होणार."

ते अडीच दिवस मी विसरलेलो नाही. त्या उभ्या, मी शेजारी वही घेऊन. रुग्णाचा नंबर बंद, म्हणून जावयाचा. तो उचलत नाही, म्हणून गावातल्या किराणा दुकानाचा. कोलारहून तारीख आली. अनंतपूरहून आली. एका लहान मुलीने फोन घेतला आणि "तात कुठेत?", म्हणजे आजोबा कुठेत, असं तिनेच अक्कांना विचारलं. अक्कांनी घरातल्या मोठ्या माणसाला बोलवायला सांगितलं, तारीख घेतली, पाणी प्यायल्या आणि पुढचा नंबर लावला. एक बाई मात्र जिवंत निघाल्या, वर चिडलेल्या. "नंबर बदलला तर काय मेले समजता काय?" अक्का हसत म्हणाल्या, "नाही हो, नवा नंबर दिला नाही म्हणून रागावलेय." त्या अडीच दिवसांत त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

प्रत्येक तारीख भरली की रेघ थोडी आखूड होई. गुरुवारी संध्याकाळी काही नोंदी तशाच राहिल्या, पण रेघ दसऱ्याच्या अलीकडे आली होती.

"आता डॉक्टरांना तुम्ही सांगाल का?" मी विचारलं. नोकरी कायम व्हायची होती. वडिलांनी डेपोत पेढे वाटले होते.

"चूक तुझी आहे, तम्मा. मी दाराशी थांबते."

शुक्रवारी मी सांगितलं. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून पाहिले. "हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि त्या नवराबायकोला आत बोलावलं. त्यांना महिने सांगितले नाहीत. म्हणाले, "खात्री कुणालाच देता येत नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर मुलाला आत्ता बोलावलं असतं."

ते गृहस्थ माझ्याकडे वळले. "हा कागद मला ओळखतो का?"

माझ्या मोडक्या कन्नडमध्ये मी म्हणालो, "नाही. तुमच्यासारख्या आजाराची पुष्कळ माणसं त्याला माहीत आहेत. तुम्ही माहीत नाही."

बायकोने तिथेच कुवेतला फोन लावला.

मुलगा जूनमध्ये आला आणि गेला. त्याच महिन्याअखेर अक्का निवृत्त झाल्या आणि म्हैसूरला लेकीकडे राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "मला फोन करायचा नाही. आयुष्यभराचं फोनवरचं बोलणं झालं. सांगण्यासारखं असेल तर पत्र लिही." त्यांच्या खुर्चीवर आता नवी मुलगी बसते. चांगली आहे. दिवाळी होऊन काही दिवस गेले आणि मी पत्र लिहिलं ते असं:

ती. अक्कांना सा. न.

होसकोट्याचा फोन मीच लावला, नव्या मुलीला लावू दिला नाही. ते गेले. दिवाळीनंतर आठव्या दिवशी.

म्हणजे दसरा त्यांनी पाहिला, अक्का. आपण लवकर बोलवायला लावलं नसतं, तर मुलगा दसऱ्याला आला असता आणि पूजेला असता. दुरुस्त केलेली रेघही त्यांच्यापुरती चुकली. मी हे त्यांच्या बायकोला स्पष्ट सांगितलं आणि माफी मागितली.

त्या म्हणाल्या, जूनमध्ये बापलेक रोज वर्कशॉपमध्ये जायचे. बाप स्टुलावर बसून ओरडायचा, मुलगा लेथवर जॉब कापायचा. रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे उंडे, दोघे एका ताटात खायचे. दसऱ्याला मात्र त्यांना दोन माणसांनी धरून मशीनपाशी नेलं. त्यांनी कुंकू लावलं, पण मुलाने फोनवरून हाक मारली तेव्हा त्याला ओळखलं नाही. "तो जूनमध्ये आला तेच बरं झालं," असं त्या म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या की खरंच, हे तुम्हाला आवाजावरून कळलं असतं. मला कळलं नाही.

नंतर त्यांनी एक काम सांगितलं. मुलगा त्यांच्याशी धड बोलत नाही. दसऱ्याला यायला हवं होतं, हे त्याने मनाला लावून घेतलं आहे. त्यांनी मला त्याचा नंबर दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा त्याला. घरच्यांचं तो ऐकत नाही."

तारीख मी भरली आहे. उद्या कुवेतला फोन लावतो. लवकर ये असं म्हणणारा कागद माझा होता, हे त्याला आधी सांगेन. मग तो जे बोलेल ते ऐकेन.

आपला,
तम्मा