तिसऱ्या परिच्छेदातली आत्या

घरातल्या माणसाचं काम नेमकं काय आहे, हे धड न पाहताच तुम्ही त्याला दोषी ठरवलं आहे का? मी ठरवलं आहे, तेही छापून. महिन्याभरापूर्वी शहाड स्टेशनबाहेर नदी बचावची पत्रकं वाटत होते, तेव्हा बाबांचा फोन आला. "कुंदा गेली गं... जेवून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही."

कुंदाआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. खोपटला एकटी राहायची आणि डोंबिवलीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत रसायनं बनवायची. घरातल्या प्रत्येक बाटलीवर तिच्या हातची तारखेची चिठ्ठी असे, अगदी लसणाच्या चटणीवरसुद्धा. मी मात्र चळवळीतल्या बाबांच्या पत्रकांवर वाढलेली. दोन वर्षांपूर्वी उल्हास नदीवरच्या फेसाबद्दल मी पत्रक लिहिलं आणि तिसऱ्या परिच्छेदात ठोकून दिलं, 'खोपटच्या एक उच्चशिक्षित बाई पगारासाठी डोंबिवलीत साबणाचीच रसायनं बनवतात. हा फेस त्यांचाही आहे.' नाव घातलं नव्हतं. गरजच नव्हती, तिच्या इमारतीत सगळ्यांनी ओळखलं.

पुढच्याच रविवारी ती पत्रक घेऊन आमच्याकडे आली. चहा होईपर्यंत शांतपणे पुन्हा वाचलं.

"शुद्धलेखन चांगलंय हो मनू. रसायनशास्त्र कच्चं आहे."

"फेस येतो की नाही तुझ्या मालाला?"

"येतो ना! पण माझा वर्षभराचा माल तुझ्या जेवणाच्या डब्यात मावेल. नदीला फेस आणायला मला सात जन्म लागतील."

मग तिने समजावलं. आजाराचा माग काढताना पेशींमधली प्रथिनं एका यंत्रात घालून त्यांच्या रेणूंचं वजन करतात. काही प्रथिनं नुसत्या पाण्यात विरघळतच नाहीत, त्यांना साबणासारखं काहीतरी लागतं. पण तोच साबण यंत्रात गेला की त्याच्याच गोंगाटात प्रथिनं हरवतात. आत्या बनवायची तो साबण प्रथिनं विरघळवायचा, आणि काम झालं की आम्लाचे थेंब टाकताच मोडायचा. तुकडे बाजूला काढता यायचे. "दाखवते तुला, अर्ध्या तासाचं काम. फक्त निघताना फोन कर. पाण्यात कालवलेलं शिळं चालत नाही, आपलं आपणच मोडायला लागतं. आणि पटलं, तर ती वाक्यं मागे घे. लिफ्टमध्ये लोक बोलेनासे झालेत गं माझ्याशी."

"बघू," मी म्हटलं. ती अधूनमधून विचारत राहिली. मला कधी सभा होती, कधी मोर्चा... खरं सांगायचं तर चूक निघेल अशी भीती होती.

ती गेल्यावर तिचा डबा आणि स्वेटर आणायला मी पहिल्यांदा त्या प्रयोगशाळेत गेले. तिचे सहकारी सावंतकाका यांनी फ्रीजमधून एक बोटभर बाटली काढली. आत चिमूटभर पांढरी पूड आणि वर तिच्या अक्षरात चिठ्ठी, 'कोरडीच ठेवा. मनू आली की कालवायची.' खाली तारीख होती, त्या रविवारनंतरच्या सोमवारची.

"कालवू?" काकांनी विचारलं. पूड काचेच्या नळीत घेऊन, पाणी घालून हलवल्यावर फेस बुचापर्यंत चढला. मग आम्लाचे थेंब टाकले, नळी कोमट पाण्यात ठेवली आणि आम्ही दोघं वाट पाहत बसलो. अर्ध्या तासाने ती नळी मी जीव खाऊन हलवली... फेस आला नाही. मी पुन्हा हलवली. काका म्हणाले, "पुरे आता. मोडलाय तो."

नदीची लढाई मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण तिच्याबद्दल मी लिहिलं ते खोटं होतं. ती पत्रकं अजून कल्याणपासून खोपटपर्यंत कित्येक फडताळांत डब्यांखाली अंथरलेली असतील. तुमच्याकडे असलं, तर डबे उचला, तिसरा परिच्छेद शोधा आणि ती दोन्ही वाक्यं पेनाने खोडा. शेजारी लिहा, 'चूक. न पाहता लिहिलं.' आणि खाली तारीख घाला. तारखेशिवाय तिला काही चालायचं नाही.